सिस्टर मोनिकांचा सण

गिरजाबाईने खिरीचं पातेलं मठाच्या स्वयंपाकघरात ठेवलं आणि घाम पुसत ती व्हरांड्यात आली, तर सिस्टर मोनिका ठेवणीतला पांढरा झगा घालून खुर्चीवर बसलेल्या. सकाळचे आठ वाजले होते. तेंदूपत्त्याचे दिवस, गावातल्या बाया विडीची पानं तोडायला जंगलात गेलेल्या, त्यामुळे मठाच्या दवाखान्यात चिटपाखरू नव्हतं.

"कोन येऊन राह्यलं, सिस्टर?"

"कोनी नाई. आज माझा सण."

गिरजाबाई चरकली. आज चार मे होती.

या सिस्टर लोकांचं एक असतं. मठात येताना त्या आईबापांचं नाव सोडून एखाद्या संताचं नाव घेतात आणि वाढदिवसाऐवजी त्या संताचा दिवस पाळतात. मोनिका संतिणीचा दिवस पूर्वी चार मेलाच यायचा. पंधराएक वर्षांपूर्वी रोमहून नवं कॅलेंडर आलं आणि तो सत्तावीस ऑगस्टला गेला. गिरजाबाईला ते तेव्हाही उमगलं नव्हतं. भीमजयंती कधी जागची हलत नाही. बुद्धपौर्णिमा हलते, पण ती चंद्राला धरून. एखाद्या बाईचा दिवस कागदावरून उचलून चार महिने पुढे ठेवायचा, हे कसलं? पण मठाची स्वयंपाकीण म्हणून तिने मुकाट्याने ऑगस्ट पाठ केला आणि पुराने रस्ता तुटला तरी दर सत्तावीसला खीर रांधली. आता म्हातारीच परत मेवर आली होती.

आणि तेही नेमकं आज. दवाखाना चालवणाऱ्या सिस्टर सेलीनने कालच गिरजाबाईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की मोनिकांना हल्ली काही उमजत नाही असं तिने नागपूरच्या मुख्य मठाला कळवलंय. तिथल्या प्रमुख, मदर, आज स्वतः येतायत, त्यांना तसंच दिसलं तर मोनिकांना केरळला म्हाताऱ्या सिस्टरांच्या घरी नेतील. गिरजाबाईची तिन्ही बाळंतपणं याच बाईच्या हातची.

"सिस्टर, सण ऑगस्टात हाय. तुमीच तं मले सांगतलं होतं."

"हो."

"मंग मदरनं इचारलं तं ऑगस्टच म्हनजा. इसरू नोका."

मोनिकांनी मान हलवली. कशासाठी हलवली ते कळलं नाही.

"खीर केली का?"

"केली. पन ते आमच्या आजच्या बुद्धपौर्णिमेची हाय."

"चालते," मोनिका म्हणाल्या. पंचवीस वर्षांत त्या मराठी गावच्या बायांकडूनच शिकल्या होत्या.

दुपारी जीप आली. मदर उतरल्या, त्यांनी मोनिकांचा झगा पाहिला आणि हिंदीत विचारलं, आज काय विशेष?

"माझा सण," मोनिका म्हणाल्या.

सेलीनने मदरकडे पाहिलं. बघा, मी म्हटलं नव्हतं, असं ते पाहणं होतं. गिरजाबाईला राहवलं नाही.

"तसं नाई, मदर. आज आमची बुद्धपौर्णिमा हाय. मीच म्हटलं त्याईले, चांगले कपडे घाला म्हून. मी खीर आनली ना, म्हून त्या सण म्हंतात. डोकं पक्कं हाय त्याईचं."

मदर हसल्या. त्यांनी मोनिकांचा हात क्षणभर हातात धरला आणि त्या सेलीनला घेऊन आत गेल्या. हसण्याचा अर्थ काय लावायचा, ते गिरजाबाईला सुचेना.

ती स्वयंपाकघरात गेली, तशा मोनिका उठून तिच्यामागून आल्या.

"काऊन खोटं बोलली तू?"

"तुमाले घेऊन जातीन ते."

"मदरले मीच बोलावलं. सेलीनच्या आधी माझं पत्र गेलं, ईस्टरले." मोनिकांनी उजवा हात पुढे केला. तो थरथरत होता. "या हातानं सुई टोचली तं एखांद्याचा जीव जाईन. उद्या सकाळी चालली मी, जीपनं."

गिरजाबाई पाटावर बसली. इतके दिवस जिच्यासाठी तारखा घोकल्या, तिला सगळं ठाऊक होतं आणि आपल्यालाच काही ठाऊक नव्हतं. तिला राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा राग आला.

"मंग हे चार मे?"

"ऑगस्टात मी इथी नाई, गिरजा. जुन्या कॅलेंडरमंधी आजच होता. म्हटलं, तुया हातची खीर खाऊन जाऊ."

"मले सांगाले काय झालं होतं?"

"सांगतलं असतं तं खीर खारट झाली असती."

गिरजाबाईने नाक ओढलं. मग उठून वाटी काठोकाठ भरली, मोनिकांच्या हातात दिली, आणि सांडू नये म्हणून खालून आपला हात धरून ठेवला.