झोपलेल्या बाळावरची पैज

"माझ्या एका हाकेवर पोरगं पोटात कोलांटी मारतं!" रंगनाथनं छाती ठोकून सांगितलं, आणि प्रताप नगरातल्या त्या गल्लीत पैज लागली.

पोरगं शेजारच्या शमिकाचं, अजून आठव्या महिन्यातलं. तिचा नवरा अभिनव फौजेत, दूर सीमेवरच्या चौकीत. फोन लागला तर लागला. पैजेला उभी राहिली ती समोरची मधुमती, साताऱ्याची, जिभेला धार.

"पोटातलं लेकरू ते! तुमचे माकडचाळे ओळखायला त्याला अजून अक्कल फुटायचीय."

"म्हणून तर ओळखतं. अक्कल आलेली माणसं मला बघून दार लावतात."

गल्ली खो-खो हसली. दवाखान्यातली एक डॉक्टरीणबाई पोटातल्या बाळांच्या झोपेचा अभ्यास करत होती, आणि शमिका गुरुवारी तिच्याकडे जाणार होती. तिथंच सोनोग्राफीच्या पडद्यावर निकाल लावायचा ठरला. बाळ हललं, तर मधुमतीनं आठवडाभर रंगनाथला भर रस्त्यात वाकून नमस्कार करायचा. नाही हललं, तर रंगनाथनं रविवारी बागेत, घुंगट घेऊन, भजनमंडळाच्या माइकवर अंगाई म्हणायची.

रंगनाथची हाक म्हणजे मोराची केका. इतकी हुबेहूब, की मधुमती दाणे घेऊन गच्चीवर धावायची आणि टाकीमागं हा पन्नाशीचा घोडा दात काढत उभा. गल्लीतल्या सगळ्या बेली वाजवून पळायचा. त्याची स्वतःची बेल मात्र कुणी वाजवत नव्हतं. बायको सुमित्रा जाऊन तीन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घरात उचकी लागली, तर कुणी आठवण काढली म्हणायचं, हाही प्रश्नच.

रोज संध्याकाळी तो दूध-भाजी घेऊन शमिकाच्या दारात यायचा आणि मोरासारखा ओरडायचा. ती खाटेवर टेकायची, पोटावर हात ठेवायची. "काका, हललं बघा!" तेवढे शब्द घेऊन तो आपलं कुलूप उघडायचा. जगात कुणीतरी आपला आवाज ओळखतंय, एवढंच त्याला पडद्यावर बघायचं होतं. मधुमतीचा नमस्कार गेला चुलीत.

गुरुवारी शमिकाबरोबर तो आणि मधुमती गेले. डॉक्टर उत्कर्षानं विचारलं, "तुम्ही कोण? बाळाचे आजोबा?"

"शेजारी," रंगनाथ म्हणाला. एरवीपेक्षा जरा हळूच.

"बरं. तोंड आणि हात दाखवते, बाकी काही नाही. मुलगा की मुलगी, ते विचारायचं नाही. आणि मी सांगेपर्यंत आवाज नाही."

खोलीत अंधार केला. पडद्यावर धुरकट चेहरा आला, गालाशी मूठ. रंगनाथनं स्टूल पडद्याजवळ ओढलं. बराच वेळ गेला.

"झोपलंय," उत्कर्षा कुजबुजली. "मघाशी पापण्यांमागं डोळे फिरत होते. आता तेही थांबले. गाढ. पोटातली बाळं बहुतेक वेळ झोपूनच असतात."

"पण संध्याकाळी माझ्या हाकेला उसळतं की!"

"काका, संध्याकाळी बरीच बाळं चळवळी असतात. आणि दिवसभर कामात आईला ते कळत नाही. तुम्ही आलात, की ही बसत असेल ना?"

मधुमतीनं पदरात हसू दाबलं. रंगनाथ पडद्याकडे बघत राहिला. म्हणजे, मोरामुळं नव्हतंच. पोरगी घटकाभर टेकत होती, एवढंच.

"माझं बघून झालंय," उत्कर्षा म्हणाली. "आता मारा हवी तर एक हाक. आवाज पोचतो आतपर्यंत, जागं होईलही."

अजून डाव हातात होता! त्यानं छाती भरून घेतली, पुढं वाकला, आणि त्याची नजर शमिकाच्या तोंडावर गेली. तिला झोप लागली होती. अभिनव चौकीवर परत गेल्यापासून पोरीच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. आता ओठ जरासे उघडे, गालाशी मूठ. पडद्यावरही तस्सीच मूठ.

त्यानं भरलेला श्वास हळूहळू सोडला.

"काय हो? मोर मेला का?" मधुमती कुजबुजली.

"हरलो. हळू बोला जरा."

 मधुमतीनं शमिकाच्या पायावरची चादर सारखी केली.

रविवारी संध्याकाळी बाग भरली. रंगनाथ लाल बांधणीची ओढणी घेऊन ठुमकत माइकपाशी आला. "भाभीजी, घूंघट सँभालो!" मागून कुणीतरी ओरडलं. त्यानं लाजून दाखवलं. माणसं पोट धरून हसली.

मग त्यानं सुरू केलं:

"नीज माझ्या सोन्या, वारा झाला गप,
चिमणीच्या घरट्यात दिवा झाला झप."

सुमित्रा तांदूळ निवडताना हे गुणगुणायची. नीज म्हणायला घरात कुणी नव्हतं, तरी. पहिल्यांदा त्यानं नाक दाबून म्हटलं, हशा झाला. दुसऱ्यांदा नाक दाबायचं राहून गेलं. हसणं विरत गेलं. घुंगटाआड त्याचा चेहरा कुणाला दिसत नव्हता, हे बरं झालं.

समोरच्या बाकावर शमिका बसली होती, पोटावर हात ठेवून. बाळाची उसळायची वेळ. तो थांबला, तिच्या तोंडून ते शब्द ऐकायला थांबला. तिनं मान हलवली, तळहातावर गाल टेकवला आणि डोळे मिटून दाखवले. झोपलंय.

"दोनच ओळी?" मधुमती गरजली. "पैज अख्ख्या अंगाईची होती!"

"पुढचं येत नाही मला."

"मग तेच म्हणा परत!"

रंगनाथनं माइक जरा लांब धरला, आणि पहिल्यापासून, अगदी हळू, परत म्हणायला लागला.