बांबूच्या बनातली टिकटिक

“तोंड फिरवा बाबा. आणि जमलं तर कानही.”

मित्रांनो, खोक्यातून बाहेर आल्यावर माझ्या कानी पडलेलं हे पहिलं वाक्य. मी एक जुना माउस आहे, लांब शेपटीचा. एकेकाळी पांढराशुभ्र होतो, आता चहाच्या रंगावर गेलो आहे. कारखान्यात एका बाईने माझं बटण दाबलं, कानाजवळ नेऊन ऐकलं आणि म्हणाली, “हा चांगला वाजतो.” तेवढी एकच शाबासकी गाठीशी बांधून मी जगात आलो.

आलो तो थेट शिंप्याच्या दुकानात. टेलर मास्तर कटिंगच्या टेबलाशी, त्यांची बायको इस्त्रीशी आणि मुलगी काज-बटणांशी. लहानपणी ही मुलगी दुकानभर गरगर फिरायची, म्हणून सगळे तिला बॉबिन म्हणत. आता ती मोठी झाली होती. तुरपाई अशी करायची की टाका शोधून सापडू नये. पण कात्री? कात्रीला मास्तर कुणाला हात लावू देत नसत.

“बाबा, एक तरी शर्ट कापू द्या.”

“बघू.”

हे ‘बघू’ मी फार वर्षं ऐकलं.

दुपारी जेवणं झाली की शटर अर्धं खाली यायचं आणि बापलेक कॉम्प्युटरवर सामुराईंचा खेळ मांडायचे. दोघांचे दोन किल्ले, मध्ये नदी, खिंड आणि बांबूचं बन. एकाने चाल करायची, तोवर दुसऱ्याने पाठ फिरवून बसायचं. सगळी गंमत छुप्या सैनिकांची! ते बनात किंवा नदीकाठच्या लव्हाळ्यात शिरले की शत्रूच्या डावात दिसतच नाहीत. शत्रू अगदी अंगाला घासून जाईपर्यंत दम धरायचा आणि मग झडप घालायची.

पण मास्तरांपुढे बॉबिनचा एकही छुपा सैनिक छुपा राहत नसे. कारण मी! एक टिक झाली की तुकडी उचलली, दुसरी टिक झाली की ठेवली. मास्तर म्हणजे मशीनच्या नुसत्या आवाजावरून सुटलेला टाका ओळखणारा माणूस. पाठ फिरवून काज करता करता ते माझी टिकटिक मोजायचे.

“दोनच तुकड्या हलवल्यास. बाकीच्या बनात दडवल्यास ना?” आणि मग बनाला वळसा घालून ते बॉबिनचा किल्ला घ्यायचे.

“तुम्ही चोरून ऐकता.”

“देवाने कान दिलेत, ते काय इस्त्री करून ठेवू?”

एकदा तिने पुन्हा कात्री मागितली, तेव्हा मास्तर हसून म्हणाले, “मला हरव, मग घे.” ते थट्टेत बोलले होते. तिने मात्र ते मनावर घेतलं.

मग एक दिवस आईने नवा माउस आणला. बिनशेपटीचा आणि बिनआवाजाचा. “रोजच्या टिकटिकीने डोकं उठतं माझं,” म्हणाली. मी गेलो बटणांच्या डब्यात. अंधार, वर कोटाची बटणं, खाली शर्टाची. बाहेर हसू ऐकू यायचं, त्यात माझा आवाज नसायचा. मित्रांनो, धूळ बसते त्याचं काही वाटत नाही हो. आपल्यावाचून कुणाचं अडत नाही, हे टोचतं.

नव्या माउसवर बॉबिन पहिल्याच डावात जिंकली. मास्तर म्हणाले, “मुक्या माउसने खेळून जिंकलीस. हे काही धरायचं नाही.”

डब्याचं झाकण उघडलं. बॉबिनने मला ओढणीने पुसलं, शेपूट सरळ केली. “चला, कान उघडे ठेवून खेळा.”

नवा डाव रंगात आला. तिच्या पाच तुकड्या उघड्या, दोन छुप्या. छुप्या दोन तिने आधीच खिंडीतल्या बनात पेरल्या होत्या. त्या दुपारी तिने पाच तुकड्या नदीकडे हलवल्या आणि मग चक्क रिकाम्या माळावर टिचक्या मारू लागली. टिक टिक. टिक टिक. मी गोंधळलो. इथे ना माणूस, ना घोडा. हिचा हात चुकला की काय? मग माझ्या ध्यानात आलं आणि मी जीव तोडून वाजलो. जन्मभर चहाडी केली, आज कटात सामील झालो!

“सातही हलवल्यास की,” मास्तर पाठमोरेच म्हणाले. आपल्या पाळीत पडद्याकडे बघून खूश झाले. “पाच नदीवर दिसतायत, दोन तिथेच लव्हाळ्यात असणार. खिंड मोकळी.”

“अहो, जरा जपून,” आई इस्त्री फिरवत म्हणाली.

मास्तरांनी आपला सरदार ऐटीत खिंडीत घातला. बन हललं. दोन्ही बाजूंनी छुपे सैनिक उठले आणि सरदार घोड्यावरून थेट चिखलात! मास्तर असे हसले, की तोंडात धरलेली टाचणी उडून इस्त्रीच्या टेबलावर पडली.

“या कानांनी मला आज प्रथमच फसवलं,” म्हणाले. “आणि तो म्हातारा माउस तुला फितूर झाला.”

मित्रांनो, एवढं मोठं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा येईल न येईल. म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. जुन्या वस्तू टाकण्याआधी एकदा पुसून, वाजवून बघा. आणि घरातल्या माणसाच्या हातात कसब दिसलं, तर ते छुप्या सैनिकासारखं मनात दडवून ठेवू नका. कौतुकाला उजेड लागतो.

मास्तरांनी निळ्या कोटाचं कापड टेबलावर पसरलं, खडू बाजूला सारला आणि कात्री मुठीकडून पुढे केली. बॉबिनने हात मागे घेतला.

“हरलात म्हणून देताय?”

मास्तरांनी कापडावरची सुरकुती सरळ केली.

“नाही गं. तुझा हात माझ्याहून साफ आहे, हे मला कधीचं माहीत आहे. कात्री दिली की तू स्वतःचं दुकान टाकशील, दुपारी मी कुणाशी खेळायचं, म्हणून बोललो नाही.”