कापडाची कात्री

“हात गेला माझा,” ताई म्हणाली आणि तिने कात्री टेबलावर ठेवून दिली.

तिच्या धाकट्या भावाने, सॉरीसाहेबांनी, चहाचा कप खाली ठेवला. टेबलावर निळं रेशमी कापड पसरलेलं होतं आणि खडूच्या सरळ रेषेवर दोन ठिकाणी ते कुरतडल्यासारखं फाटलं होतं. ताईने उजवा पंजा दिव्यापुढे धरला, मिटला, पुन्हा उघडला.

“थरथरत तर नाहीये गं,” साहेब म्हणाले.

“तुला काय दिसणार? कापडाला बरोबर दिसतं.”

यावर साहेबांनी खरं तर एक वाक्य बोलायला हवं होतं. रविवारपासून ते त्यांच्या पोटात होतं. रविवारी ताई बाहेर गेलेली असताना त्यांना खिडकीला कबुतरांसाठी जाळी बसवायची हुक्की आली. तार कापायला घरात काही सापडेना, आणि खिळ्यावर ताईची कात्री टांगलेली. जिने जन्मात कापडाखेरीज काही कापलं नव्हतं, अशी ती कात्री. लहानपणी एकदाच त्यांनी त्या कात्रीने कागदाची टोपी कापायला घेतली होती, तेव्हा ताईने पाठीत असा धपाटा घातला होता की नुसता आठवला तरी पाठ ताठ होई. तरीही त्यांनी तार कापली. पात्याला दोन खाचा पडल्या, बोट फिरवलं तरच कळतील अशा. साहेबांनी कात्री पुसली आणि होती तशी खिळ्याला लावून टाकली. ताईने आदल्याच आठवड्यात तिला धार लावून आणली होती, त्यामुळे कात्रीवर शंका घ्यायचं तिला काही कारण नव्हतं. राहता राहिला हात.

आता गंमत अशी की हा माणूस पोटासाठी माफीच मागत होता. एका बस कंपनीच्या तक्रार विभागात त्यांची हयात गेली होती. प्रवाशांच्या शिव्याशापांना गोड उत्तरं लिहायची, हे त्यांचं काम. तावातावाने भांडायला आलेली माणसं त्यांचं पत्र वाचून निवळत, आणि साहेबांना त्याचा थोडा तोराही होता. विभागात नवीन कोणी आलं की ते त्याला समोर बसवून शिकवत.

“हे बघा, बस उशिरा आली की ‘रिग्रेट’. म्हणजे लांबून मान हलवायची, अंगाला काही लावून घ्यायचं नाही. बॅग हरवली की ‘अपॉलजाइज’. म्हणजे उठून उभं राहायचं, कोटाचं बटणही लावायचं. ‘पार्डन’ धक्का लागल्यावर आणि ‘एक्स्क्यूज’ धक्का देण्याआधी.”

“आणि नुसतं सॉरी, साहेब?”

“ते कागदावर उतरवायचं नाही. त्यात कोणाला तरी खरंच वाईट वाटलेलं असतं. कंपनीला कसलं वाईट वाटतंय?”

साहेब तो शब्द कधीच लिहीत नसत, म्हणून तर ऑफिसने त्यांचं नाव सॉरीसाहेब ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालता घालता त्यांनी विषय काढला. “ताई, ते रविवारी जाळीच्या कामात कात्रीची जरा गैरसोय झाली असण्याची शक्यता आहे.”

“कात्रीची गैरसोय?” ताई हसली. “तिला काय बसायला जागा मिळाली नाही? ऑफिसातलं बोलणं ऑफिसात ठेव बाळ्या, उशीर होतोय तुला.”

साहेब सुटल्यासारखे जिना उतरले. सांगितलं तर होतं, असं त्यांनी दिवसभर स्वतःला बजावलं. पण चोराच्या मनात चांदणं. त्या दिवशी एका हरवलेल्या बॅगेचं उत्तर काही केल्या त्यांना जमेना.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा दारात जवळच्या शाळेतल्या एक बाई उभ्या होत्या. निळं कापड त्यांचंच. ताई ते घडी घालून त्यांच्या हातात देत होती.

“फाटलंय तेवढं मी नवीन आणून देते. पण शिवायला दुसरीकडे बघा.”

“अहो, माझ्या लग्नातले कपडे तुम्ही शिवलेत. आता लेकीचे मी दुसऱ्या कोणाकडे देऊ?”

“तेव्हा हात होता, बाई.”

बाई जड पावलांनी जिना उतरल्या. ताईने मशीनवर चादर टाकली, चारी कोपरे नीट खाली ओढले आणि खुर्चीत बसली. मांडीवर दोन्ही हात ठेवून नुसती बसली. ताईचे हात रिकामे असे साहेबांनी कधी पाहिले नव्हते. आई गेल्यापासून याच हातांनी त्यांना वाढवलं, शिकवलं, ऑफिसच्या पहिल्या दिवशीचा शर्ट शिवून अंगावर चढवला. साहेबांच्या जिभेवर आयुष्यभराचे सगळे गुळगुळीत शब्द येऊन उभे राहिले, पण एकही चालण्यासारखा नव्हता.

“ताई, हात नाही गेला तुझा. कात्री मी बिघडवली, जाळीची तार कापून. आणि तू हाताला दोष देत होतीस तरी गप्प बसलो. चुकलं माझं.”

ताई उठली, खिळ्यावरची कात्री काढली आणि पात्यावरून सावकाश अंगठा फिरवला. अंगठा एकदा थांबला. पुढे जाऊन पुन्हा थांबला.

“म्हणजे हात शाबूत आहे,” ती स्वतःशीच म्हणाली. तिचे डोळे भरून आले. मग वळून तिने साहेबांच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि त्या धपाट्यातही हात शाबूत असल्याचं साहेबांना पुरेपूर कळलं.

ती धावत खिडकीशी गेली. “अहो बाई! आणा ते कापड परत!” नव्या जाळीला तोंड लावून तिला ओरडावं लागलं.

साहेबांनी कधीतरी हौसेने आणलेली एक कात्री खणात खोक्यासकट पडून होती. हाताला बसत नाही म्हणून ताईने ती कधी वापरली नव्हती. आज तिने खोकं उघडलं, कापड पसरलं आणि फाटलेला भाग टाळून खडूची नवी रेघ मारली.

“टोक धर.”

साहेबांनी टोक धरलं. कात्री रेशमातून सळसळत निघाली, कुठे अडली नाही.

“सॉरी, ताई,” साहेब हळूच म्हणाले.

“कळलं. कापड हलवू नकोस.”

सकाळी साहेब उठले तेव्हा खिळ्यावर नवी कात्री होती. जुनी त्यांच्या टेबलावर, ऑफिसच्या कागदांवर ठेवलेली.

“ही आता कागदाला,” ताई आतून म्हणाली. “रेशमाची नाही राहिली.”

त्यांनी ती उचलली. मुठी वर्षानुवर्षं ताईच्या बोटांनी झिजल्या होत्या. साहेबांनी आधी अंगठा घालून पाहिला, मग दुसरं बोट, पण रविवारी घाईत न जाणवलेलं आज जाणवत होतं. त्यांचा हात त्या कात्रीत कुठेच नीट बसत नव्हता.