शब्दाचा पक्का वदीह

आमचा वदीह रविवारी वाघ असतो आणि सोमवारी उंदीर. रविवारी धाकटा दीर तानियूस बायकोपोरांना घेऊन जेवायला आला की अरकची, आमच्या बडीशेपेच्या दारूची, बाटली निघते आणि संध्याकाळपर्यंत आमचा नवरोबा अख्ख्या जाहले गावाचा राजा होतो. सोमवारी सकाळी मात्र छातीत धडधड, हाताला कापरं. "नुहाद, छप्पर पडणार बघ. मुलगा माझ्यावर रागावलाय." छप्पर ठणठणीत, मुलगा खुशाल. सांगून सांगून माझं तोंड दुखलं. मग एका सोमवारी म्हणाला, "मी नसलो तर तुम्ही सुटाल." तशीच त्याला ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्या म्हणाल्या, "पिऊन जी भीती पळवता ना, ती दुसऱ्या दिवशी दुप्पट होऊन येते. अगदीच राहवत नसेल तर एक पेला. बस्स."

"एक पेला! शब्द दिला," वदीह म्हणाला. इतक्या पटकन कबूल झाला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

आमच्याकडे अरकला दरवेळी नवा पेला लागतो. पाणी घातलं की अरक पांढरी होते, काचेवर साय धरते. त्यातच पुन्हा ओतलं की घराची अब्रू गेली. आणि रविवारी बघते तर काय, हा गृहस्थ त्याच पेल्यात पाचव्यांदा ओततोय!

"अरे, लाज आहे का?" तानियूस ओरडला. "वहिनी, ह्याला दुसरा पेला द्या आधी!"

"मुळीच नाही," वदीह छाती फुगवून म्हणाला. "बाईंनी एकच पेला सांगितलाय. मी शब्दाचा पक्का माणूस."

सगळे हसून लोळले. मीही हसले, जळलं मेलं माझं हसू.

सोमवारी तो पलंगाच्या कडेवर बसून होता. "काल सगळे मला हसत होते. तूसुद्धा, नुहाद."

हसलेच होते. स्वयंपाकघरातून तो पेला आणून त्याच्या हातात दिला. मुद्दामच धुतला नव्हता. त्याने अंगठ्याने ती साय घासून पाहिली, निघेना. मग स्वतःच उठून धुवायला गेला. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पहिल्यांदाच.

पुढच्या रविवारी तानियूसने बाटली उचलली, तर वदीहने पेला उपडा ठेवला. दिवसभर नुसती चिडचिड. मटणाचे किब्बे खारट, भाकरी कडक, तानियूस मूर्ख. मी वाढत राहिले. रात्रभर डोळा लागला नाही माझा.

सोमवारी सकाळी आतून हाक आली. "नुहाद! छप्पर पडलं का गं?"

"नाही."

"मग कॉफी ठेव की!"

ठेवली, आणि तिथेच उभी राहून रडले. उतू गेली मेली.