मधात काहीच नाही

मीनलच्या गळ्याशी कालच्या जेलीचा एक पापुद्रा सुकून चिकटला होता आणि सकाळच्या पाळीला निघण्याआधी, ती झोपेत असतानाच, पुंडलिक तो नखानं हलकेच सोडवत होता — काल नागपूरला इको काढताना डॉक्टरांनी तिच्या चार वर्षांच्या छातीवर ती थापली होती, तो रेल मिलमध्ये रुळावर पाणी सोडतो ना, तशीच, म्हणजे आवाज आत जावा आणि आतली बातमी घेऊन परत यावा... आणि तिथंच त्यानं आपली अक्कल पाजळली.

बारा वर्षं तो रूळ तपासत होता. यंत्राच्या पडद्यावर सुरुवातीला एक टोक उठतं, शेवटी एक. मधे तिसरं उठलं की रुळाच्या पोटात भेग, लाल रंग मारायचा, रिजेक्ट. मधे काही नसलं की रूळ साफ. काल त्या अंधाऱ्या खोलीत तो मीनलचे पाय धरून उभा होता, डॉक्टर शेजारच्या शिकाऊ डॉक्टरणीला म्हणाले, "मधे काहीच नाही, बघ," आणि या गाढवाच्या छातीवरचा धोंडा उतरला. तडक बाहेर जाऊन त्यानं बाकावर बसलेल्या बायकोला, वसुंधराला, सांगितलं, "साफ आहे वं. मधात काहीच नाही निघालं." ती पदर तोंडाला लावून तिथंच रडली. लग्नानंतर इतकं सुख त्यानं तिला कधी दिलं नव्हतं.

मग डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत बोलावलं. मधे असायला हवा तो पडदाच नव्हता. हृदयाचे खालचे कप्पे दोन असतात, हिला एकच. चांगलं-वाईट रक्त त्यातच मिसळतं, म्हणून ओठ निळे. "मद्रासला ऑपरेशन होतं. काही मुलं परत येतात, काही नाही येत. नाही केलं तर... पत्नीशी बोला, सोमवारपर्यंत कळवा. आणि तोवर पळू देऊ नका हिला." तो हो हो म्हणाला. परतीच्या गाडीत दुर्ग येईपर्यंत वसुंधरा मीनलला खिडकीतून बकऱ्या दाखवत राहिली, आणि तो म्हणत राहिला, डोंगरगड गेलं की सांगू, राजनांदगाव गेलं की सांगू.

"बिटिया का क्या निकला?" मिलमध्ये जोडीदार ओमप्रकाशनं विचारलं.

"कुछ नहीं निकला."

खोटं कुठं होतं? त्या पाळीत त्यानं तीन रुळांना लाल रंग मारला आणि मारताना त्याला बरं वाटलं, अगदी बरं — भेगेचा रूळ निदान रात्री कुणाच्या कुशीत शिरत नाही.

पावणेतीनला तो क्वार्टरच्या गल्लीत वळला आणि सायकलवरून उतरलाच. मीनल पळत होती. जिला वर्षभर पायरीवरून हलू दिलं नव्हतं ती शेजारच्या पोरींमागे चार पावलं पळे, मटकन उकिडवी बसे, धापा टाकी, पुन्हा उठे. ओठ जांभळं खाल्ल्यासारखे. आणि हसत होती पोरगी. पायरीवर वसुंधरा तांदूळ निवडत होती.

"पाहून राहिले ना?" ती म्हणाली. "फालतूच बसवून ठेवलं हिले वर्षभर. थकते थोडी, पण ते सवय नाही म्हणून. कावून असे उभे आहात? या न."

थांबव तिला, एवढंच तर म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की का ते सांगावं लागेल, आणि मग ती विचारेल, मंग काल कावून म्हटलं साफ आहे... तिचं ते तोंड त्याला बघायचं नव्हतं. मेलो तरी नव्हतं. आणि मग आतून कुणीतरी शांतपणे म्हणालं, पडू दे. आत्ता इथंच पडली तर सोमवार येणार नाही, मद्रास येणार नाही, काही सांगावं लागणार नाही. लोक खांद्यावर हात ठेवतील. कुणीतरी कसलं — मीच म्हणालो. मी, तिचा बाप.

मीनल पुन्हा खाली बसली. या वेळी जरा जास्तच वेळ. मग ती उठली, पळाली, आणि जे वाटलं ते हायसं नव्हतं, हे पुंडलिकला स्वच्छ कळलं.