माहेरपणाला आलेलं तळं

श्रावण सरता सरता गावचं तळं आमच्या घरी माहेरपणाला आलं. सकाळी उठलो तर ते मधल्या खोलीत पसरून बसलेलं. त्याची शेवाळलेली पायरी आमच्या उंबऱ्याला टेकली होती आणि खोलीची पलीकडची भिंत दूर टेकडीपाशी जाऊन उभी राहिली होती. खोलीला लांबावंच लागलं. एवढं तळं नाहीतर मावणार कुठे?

मी त्याच तळ्याचा रखवालदार. नगरपरिषदेनं मला खाकी डगला आणि शिट्टी दिली आहे. डगल्याचं वरचं बटण बरेच दिवस लोंबत होतं, बायको ते त्या दिवशी लावून देणार होती. दिवसभर पाण्याकडे बघून घरी आलं की वाटतं, आता डोळ्यांसमोर पाणी नको. म्हटलं, घ्या, आता घरातही तेच.

"आली व्हय!" रत्नमाला, माझी बायको, पदराला हात पुसत म्हणाली. "बसू द्या तिला. दमून आलीया."

चूक रत्नमालेची, म्हटलं तर चूक नव्हेही. आमच्याकडे तळं भरलं की नगराध्यक्षा त्याची ओटी भरतात. खण, नारळ, तांदूळ. गावची लेकच ती. यंदा नगराध्यक्षाबाईंचा गुडघा धरला, पायऱ्या उतरवेनात. रखवालदाराची बायको जवळ होती म्हणून ताट तिच्या हातात दिलं. हिनं ओटी भरली, पाण्याला हळदकुंकू लावलं आणि कुठल्याही सासुरवाशिणीला म्हणते तसं सवयीनं म्हणून गेली, "चार दिवस माहेरपणाला ये गं बाई." असलं बोलावणं कोण मनावर घेतं? तळ्यानं घेतलं.

त्यालाही कारण होतं. गेल्या साली गावात काविळीची साथ आली. घरटी एक तरी माणूस पिवळं पडलं. शेजारच्या बेबीताईंची सून तान्हं पोर मागं ठेवून गेली. सगळं गाव याच तळ्याचं पाणी पीत होतं आणि सगळं गाव त्याच तळ्यात गोधड्या, म्हशी आणि टेम्पो धूत होतं. शेवटी नगरपरिषदेनं ठराव केला. वर्षातून एकदा ओटी भरतात तेवढं सोडलं, तर पाण्याला कुणी हात लावायचा नाही. काठापासून हाकेच्या अंतरात साबण नाही, चूल नाही, जनावर नाही. तारेचं कुंपण आलं आणि कुंपणाबाहेर मी आलो. ठराव बरोबर होता, मी आजही तेच म्हणेन. तारेतून कुणाचा हात आत जाताना दिसला की मी शिट्टी वाजवायचो. पुढं पुढं वाजवावीही लागेना. हात पुढं झाला की ओठांतली शिट्टी आपली आपण वाजायची.

"वरीसभर बोट लावलं न्हाई तिला कुणी," रत्नमाला म्हणाली. "बाईमानूस असती तर याड लागलं असतं."

ती उंबऱ्यावर बसली आणि पाण्यावरून फणी फिरवू लागली. फणीत शेवाळाचे धागे येत होते, ते बोटाला गुंडाळून ती बाजूला टाकत होती. तळं खाली मान घालून गप्प बसलं होतं.

शिट्टी वाजली. रत्नमाला दचकली नाही.

"वाजू दे," ती म्हणाली. "पोट हाय त्यावर आपलं."

मला लाज वाटली. फार वाटली. शिट्टी मात्र ओठांतून निघेना.

दुपारी मुख्याधिकारी सातपुते साहेब आले. त्यांनी बूट बाहेर काढले आणि खोलीकडे नीट बघून घेतलं.

"टेकवडे," ते मला म्हणाले, "तलाव जिथं, ठराव तिथं."

लगेच टेकडीखालचं, तळ्याच्या मूळ जागेचं कुंपण उपटून आमच्या घराभोवती लावलं. आमची चूल विझवली. हाकेचं अंतर म्हणजे कुणाची हाक, हे ठरावात नव्हतं. म्हणून साहेबांनी रत्नमालेला हाक मारायला सांगितली. ती नवऱ्याचं नाव घेणार कशी? नुसतं "अहो!" म्हणाली. ते एसटी स्टँडपर्यंत ऐकू गेलं. वाटेतले सगळे नवरे दारात आले आणि त्यांच्या घरातल्याही चुली विझल्या. आता आंघोळीला मला स्टँडच्या पलीकडे बहिणीकडे जावं लागे. परत येईपर्यंत पुन्हा घाम आलेला असे.

खोली रोज लांबत होती. स्वयंपाकघर पलीकडच्या काठाला गेलं, रत्नमाला त्याच्याबरोबर गेली. मी अलीकडे राहिलो. काही सांगायचं झालं तर पाण्यावरून ओरडून सांगायचं. नवरा-बायकोनं ओरडून सांगावं असं रोज असतं तरी काय? हळूहळू बोलणं कमी झालं. लोंबणारं बटण तुटलं, ते मी खिशात ठेवलं.

आमचं घर सखलात आहे. टेकडीखालून टाकीला जाणारं पाणी आमच्या घरातून चढेना. वरच्या आळीचे नळ कोरडे पडले. तिथल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या उभ्या होत्या. आमच्या शेजारच्या बेबीताईंचा नळही त्याच टाकीवर होता, त्या गेलेल्या सुनेचं पोर कडेवर घेऊन पुढंच होत्या.

साहेब पुन्हा आले. "वहिनी, तलावाला परत जायला सांगा."

"लेकीला जा म्हणत्यात व्हय कुठं?" रत्नमाला पलीकडून म्हणाली. "धाडायची तर रीतीनं धाडूया. शिदोरी लागंल, पाठराखीण लागंल. सासरी रुळेपर्यंत सोबत कुणीतरी नको?"

"पाठराखीण कोण?"

"बोलावलं मी. म्हंजे मीच."

साहेबांनी कपाळ चोळलं. तेही थकलेले दिसत होते. "पाण्यात माणूस उतरवता येत नाही," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं म्हणाले, "असं करू. वहिनींना तलावाचाच भाग धरू. मग ठराव आडवा येत नाही."

"किती दिवस?" मी विचारलं.

"तलाव आहे तोवर, टेकवडे. भाग म्हटल्यावर भाग."

रत्नमाला त्या काठावर अगदी लहान दिसत होती. जाऊ नको, असं मला म्हणायचं होतं. मनापासून म्हणायचं होतं. पण बेबीताईंचं पोर घागरीत तोंड घालून आत काही आहे का बघत होतं.

"साखर वरच्या फळीवर हाय," रत्नमालेनं ओरडून सांगितलं. "दूध उघडं ठेवू नका."

तिनं ठेवणीतलं इरकल नेसलं, दशम्या बांधून घेतल्या. तळं उठलं आणि पुढच्या दारानं बाहेर पडलं. रत्नमाला त्याच्या मधोमध गुडघाभर पाण्यातून चालत होती आणि लुगड्याचा काठसुद्धा भिजला नव्हता. एसटी थांबून राहिली. बायकांनी घागरी खाली ठेवून हात जोडले. मी बाजूनं चालत होतो, ठरावात होतं तेवढं अंतर ठेवून.

तळं टेकडीखाली आपल्या जागी बसलं. कुंपण पुन्हा तिथं आलं. संध्याकाळी वरच्या आळीला पाणी आलं. भरणाऱ्या घागरींचा आवाज मला कुंपणापर्यंत ऐकू येत होता, आणि खोटं कशाला बोलू, तो ऐकून मला बरं वाटलं.

मग रत्नमाला पायऱ्या चढून तारेपाशी आली. केस ओले होते. तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बटण तुटलं शेवटी?" ती म्हणाली. "हाय का जवळ? द्या इकडं, लावून देते."

तिनं तारेतून हात बाहेर काढला. बटण खिशातच होतं. ते घेऊन मी हात पुढं केला आणि माझ्या ओठांतली शिट्टी वाजायला लागली.