दादाच्या गाडीला टर्बो

दादाचे दोन्ही गुडघे एकाच महिन्यात बदलले. बदलाबदली चाललीच आहे तर त्याच्या गाडीचं इंजिनही बदलून टाकू, हा विचार ज्या डोक्यात आला ते माझं होतं. त्या डोक्याचं ऑपरेशन करावं, असं कोणाला सुचलं नाही.

गाडी म्हणजे दोन सीटांची, बुटकी, लाल स्पोर्ट्स कार. दादाने ती चाळिशीत घेतली आणि सत्तरीपर्यंत स्वतःच्या हातांनी जिवंत ठेवली. तिला इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारे दोन कार्ब्युरेटर होते. दर रविवारी दादा रबरी नळीचं एक टोक कानाला लावायचा आणि दुसरं आधी एका, मग दुसऱ्या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचा. दोघांचा सुस्कारा सारखा येईपर्यंत स्क्रू पिळत बसायचा. तोवर वहिनीला मिक्सर लावायचीही बंदी. "चढावर फार धापा टाकतेस गं बाई," असं तो म्हणायचा. वहिनीला नव्हे, गाडीला. मला ती तक्रार वाटली. माणसं नातवाला गाढव म्हणतात म्हणून कोणी नातू बदलून आणत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

ऑपरेशननंतर तीन महिने तो आणि वहिनी लेकीकडे राहिले. जाताना किल्ली माझ्या हातात देऊन दादा म्हणाला, "रविवारी फक्त चालू कर. बाकी कशाला हात लावू नकोस."

मी हात लावलाच नाही. गाडी टर्बोशेठकडे नेली आणि त्याला लावायला सांगितला.

टर्बोशेठ जुन्या गाड्यांत नवी इंजिनं बसवतो. त्याने मला समजावलं, की टर्बोत धुराबरोबर वाया जाणारी ताकद एक पंखा फिरवते आणि तो पंखा इंजिनात दामटून हवा भरतो. एवढं ऐकून मला माझ्याच अंगात हवा भरल्यासारखं झालं. दादाला भेट द्यायची होती. पुढचं काही मी विचारलं नाही.

दादा काठी टेकत घरी आला तो रविवारीच. मी बॉनेटवर चादर टाकून ठेवली होती, उद्घाटनासाठी.

"भावजी, काय उद्योग करून ठेवलात?" वहिनीने विचारलं. तिला वास लवकर येतो.

दादा आतून आपली नळी घेऊनच बाहेर आला. मी ऐटीत चादर ओढली, बॉनेट उघडलं. आत काळं, गुळगुळीत प्लास्टिकचं झाकण. दादाने नळी कानाला लावली आणि दुसरं टोक हातात धरून तो झाकणावर जागा शोधत राहिला. उजवीकडे. डावीकडे. पुन्हा उजवीकडे.

"हे कुठं धरायचं रे?"

"आता धरावं लागत नाही, दादा. कॉम्प्युटर बघतो सगळं."

"अच्छा." त्याने नळीची गुंडाळी केली. "मग मी काय करायचं?"

याचं उत्तर टर्बोशेठच्या माहितीपत्रकात नव्हतं.

"जुनं कुठंय?" त्याने विचारलं.

वहिनी माझ्याकडे बघत होती. "जपून ठेवलंय," मी म्हणालो.

दादाचा चेहरा असा खुलला की मला खाली बघावं लागलं. "मग हरकत नाही! उद्या जाऊ. परत बसवता येईल. गुडघे झालेत तयार."

जुनं इंजिन कुठे आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी टर्बोशेठकडे जाताना ठरवलं, पहिल्या सिग्नलला गाडी थांबली की सांगून टाकायचं. वाटेत चार सिग्नल होते. चारही हिरवे मिळाले. दादा शेजारी बसून पिस्टनच्या रिंगा कुठे मिळतील ते सांगत होता.

"जुनं इंजिन?" टर्बोशेठने मोठ्या प्रेमाने मला विचारलं. "काका, तुम्हीच नाही का म्हणालात, अडगळ नको, भंगारात टाका? फोडलं ना ते त्याच आठवड्यात."

गॅरेजात कुठेतरी ग्राइंडर चालू होता. तो नेमका तेव्हाच थांबला.

दादाने माझ्याकडे बघितलं नाही. वाकून नव्या इंजिनाखालचं वेल्डिंग बघितलं आणि टर्बोशेठला म्हणाला, "काम सफाईदार आहे तुमचं." मग आपणहून गाडीत जाऊन बसला.

परतताना मी म्हणालो, "दादा, मीच सांगितलं होतं फोडायला."

"ऐकलं मी."

"आणि काल खोटं बोललो."

"तेही आलं ध्यानात."

पुढे चढ होता. जरा वेग घेतला की टर्बो शीळ घालायचा, म्हणून मी पाय अगदी अलगद ठेवला. मागे हॉर्नची रांग लागली. एक आजोबा सायकल हातात धरून चढत होते. ते आमच्या पुढे गेले.

"दाब की," दादा म्हणाला. "एवढं केलंस, तर दाखव तरी."

माझ्याच्याने दाबवेना. चढ संपेपर्यंत आम्ही त्या आजोबांच्या मागेच होतो.